लाल रंगावर जाऊ नकोस, खालचा पत्रा बघ

प्रिय पोरी,

तू काल रात्री पाठवलेले फोटो तीनदा बघितले. लाल एमजीबी, ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, क्रोमचे बंपर, स्पोकची चाकं, कापडी टप उघडा आणि मागे कुणाचं तरी हिरवंगार लॉन. खाली तुझा मेसेज, "काका, घेऊ का?" मी लगेच उत्तर दिलं नाही कारण हो म्हणालो असतो तर तू शनिवारी सकाळीच पैसे देऊन मोकळी झाली असतीस, आणि नाही म्हणायची माझी अजिबात इच्छा नाही. तुला इथे इंग्लंडात कॉव्हेंट्रीत नोकरीला येऊन अजून वर्ष झालं नाही आणि तुला अशी गाडी स्वतः चालवावीशी वाटते, ह्याचा मला एवढा आनंद झालाय की फोनवर नीट सांगता आला नसता. म्हणून लिहायला बसलो. मोठं होणार आहे, चहा घेऊन वाच.

तू पाठवलेल्या बारा फोटोंमध्ये गाडीच्या पोटाचा एकही फोटो नाहीये. मला नेमका तोच हवा होता. एमजीबीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात रोडस्टरला वरचं छप्परच नाही, त्यामुळे सगळा भार दाराखालच्या सिलवर येतो. सिल म्हणजे आपण पाय आत टाकताना ओलांडतो ना तो उंबरठा. बाहेरून तो एक पत्रा दिसतो पण आत तीन-चार थर असतात, बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाणी आत जाऊन बसतं आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणजे तुला बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पडदा कधीच गेलेला असतो. आणि हे नीट दुरुस्त करायचं तर पुढच्या फेंडरचा खालचा भाग कापावा लागतो, दाराच्या चौकटीत आडवे बार लावून बॉडी ताणून धरावी लागते, नाहीतर कापल्यावर गाडी मधोमध खचते. खूप काम आहे. म्हणून बरेच जण काय करतात, जुन्या कुजक्या सिलवर वरून नवीन पत्रा चिकटवतात, पुट्टी मारतात, झकास लाल रंग देतात आणि फोटो काढतात.

तर बघायचं कसं? फ्रिजवरचं एक पातळ चुंबक घे, रुमालात गुंडाळ, म्हणजे रंगावर ओरखडा जाणार नाही, आणि सिलवरून, चाकांच्या कमानींवरून, फेंडरच्या खालच्या वीतभर भागावरून फिरव. जिथे धरत नाही तिथे पुट्टी. मग दार आणि मागचा फेंडर ह्यांच्यामधली फट बघ, वरपासून खालपर्यंत सारखी पाहिजे. मग मालकाला विचारून गाडी एका बाजूने जॅकवर उचलायची आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करायचं. दार अडलं किंवा घासलं तर सिलमध्ये जीव नाही, मग इंजिन कितीही गोड चालू दे, नमस्कार करून निघायचं. आणि हे सगळं करायच्या आधी घरी बसून एक काम कर, सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की जुन्या एमओटीचे, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचे, निकाल फुकट दिसतात, त्यात गंजाचा शेरा कुठल्या वर्षी आला आणि नंतर कसा गेला ते वाच.

हे मी एवढं घोळवून सांगतोय कारण २००६ साली मी स्वतः असाच लाल रंगावर गेलो होतो. घरी आणून जॅक लावला आणि जॅक सिलमधून आत गेला. बरं, तिथे थांबून नुसती सिल करून घेतली असती तरी चाललं असतं, पण मी म्हटलं आता उघडलीच आहे तर इंजिन काढू, इंजिन काढलंय तर वायरिंग बदलू, वायरिंग काढलंय तर सीट नव्याने मढवू, आणि बघता बघता गाडी डब्यांमध्ये गेली, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणि चार वर्षं ती गॅरेजमध्ये स्टँडवर उभी. २००९ च्या उन्हाळ्यात माझे बाबा तीन महिने आमच्याकडे राहून गेले. तुला माहितीये, कोल्हापुरात त्यांच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली, म्हणजे मुळात कॉव्हेंट्रीचीच ट्रायंफ हेराल्ड. ते रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये यायचे, सीट नसलेल्या त्या सांगाड्यात प्लॅस्टिकचा क्रेट उलटा टाकून बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवायचे आणि विचारायचे, किती राहिलं रे? मी म्हणायचो झालंच बाबा, पुढच्या वेळी तुम्ही याल तेव्हा वेल्सपर्यंत जाऊ. गाडी २०१० ला रस्त्यावर आली. पण तोपर्यंत बाबांचे गुडघे गेले होते, ही गाडी जमिनीपासून किती खाली असते तुला माहितीच आहे, त्यांना त्यात उतरताच आलं नाही. मला ते अजून लागतं.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे, चालती गाडी घे आणि चालती ठेव. रंग उडालेला असू दे, सीटच्या शिवणी उसवलेल्या असू देत, घड्याळ बंद असू दे, पण पत्रा धड पाहिजे आणि पहिल्या दिवसापासून तू ती चालवायला पाहिजेस. मग एका वेळी एकच काम काढायचं, असं काम जे शनिवारी सुरू होऊन रविवारी संपेल, आणि सोमवारी गाडी पुन्हा चाकांवर. गाडी उभी राहिली की रबरी सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, टाकीत गंज धरतो, आणि आपलंही तिच्याकडे जाणं कमी होतं.

आता कुठली घ्यायची. तुला क्रोमवालीच हवी हे कळतं, दिसायला ती सुंदर आहेच. पण १९७४ च्या शेवटापासून पुढच्या रबर बंपरवाल्या गाड्या अजूनही बऱ्याच स्वस्त मिळतात. अमेरिकेच्या नियमांसाठी कंपनीने ती थोडी उंच केली, त्यामुळे वळणावर जरा जास्त कलते, पण इंजिन तेच, मजा जवळपास तीच, आणि तेवढ्याच पैशात पत्रा कितीतरी चांगला मिळतो. किंवा जीटी बघ, १९६५ ला आली ती पक्क्या छपराची, मागे काचेचं दार. बॉडी जास्त कडक, पावसात कोरडं राहतं, आणि इथे पाऊस किती असतो ते तुला मी सांगायला नको. मला स्वतःला तरुण माणसाच्या पहिल्या गाडीसाठी जीटीच योग्य वाटते. ट्रायंफ स्पिटफायरचा पण विचार कर, ती हेराल्डच्याच चासीच्या घराण्यातली, अख्खं बॉनेट पुढे उलटतं आणि चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. फक्त तिच्या पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्या सांध्यावर वळतं त्यात, ग्रीस मारायचं नाही, गिअरचं तेल घालायचं, ईपी ९०. ग्रीस मारलं तर आत कोरडं पडून गंजतं आणि एक दिवस तुटून चाक आडवं होतं. बाबांना हे कोल्हापुरातल्या मिस्त्रीने सांगितलं होतं आणि त्यांनी मला.

इंजिनाची काळजी मी सगळ्यात कमी करतो. एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं बी सिरीज, आणि आपल्या अँबॅसडरमध्ये १४८९ सीसीचं होतं ते ह्याच घराण्यातलं. कलेक्टर ऑफिसची पांढरी अँबॅसडर जशी वर्षानुवर्षं चालायची तसंच हे, साधं, लोखंडी, दणकट. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे वॉशरपासून सायलेन्सरपर्यंत सगळं आजही नवीन मिळतं. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर अख्खी नवीन बॉडी बनवायला लागले, पण त्याची किंमत ऐकलीस तर मी पत्रा पत्रा का करतोय ते कळेल. (घरी सांगशील एमजी घेतली तर सगळे हेक्टर समजतील. त्यांना सांग, एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, आणि आपली अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, दोन्ही विल्यम मॉरिसच्याच नावाच्या.)

ही गाडी कानाने चालवायची असते. चावी फिरवलीस की लगेच स्टार्टर मारू नकोस, थांब. मागून गाडीतल्याच पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची टक टक टक ऐकू येईल, ती हळू होत थांबते, म्हणजे कार्बोरेटर भरले. थांबलीच नाही तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. मग चोक ओढ, स्टार्ट कर, आणि पहिली नजर ऑइल प्रेशरवर. गरम इंजिनाला रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय पाहिजे, सिग्नलला उभी असताना खाली येतं, घाबरायचं नाही. चोक जमेल तसा लवकर आत ढकल. दोन एसयू कार्बोरेटर असतात, त्यांच्या डोक्यावरची टोपणं काढून आत थोडं तेल घालावं लागतं, टोपण परत खाली दाबताना बोटांना किंचित अडल्यासारखं वाटलं की तेल पुरेसं आहे. हे तेल संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आचका देते आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात. एक रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरचा हिस्स आवाज सारखा करायचा, हे मी तुला शिकवीन. पहिल्यांदा दोन्ही आवाज जुळतात आणि इंजिन एकदम शांत होतं तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

वायरिंगला घाबरू नकोस. रंग ठरलेले आहेत, एकदा पाठ कर आणि जन्मभर उपयोगी पडतील: तपकिरी कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी त्याच्या पुढे फ्यूजमधून, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, लाल साइड लाइट, निळी हेडलाइट, काळी अर्थ. दहातले नऊ प्रॉब्लेम काळीचे असतात. एकदा नोव्हेंबरात फॉस वेवर, सरळसोट अंधारा रोमन रस्ता आहे तो, माझे दोन्ही हेडलाइट गेले. टॉर्च धरून अर्धा तास शोधलं, एक अर्थचा जोड हिरवा पडला होता. पॉलिश पेपरने घासला आणि घरी आलो. तेव्हापासून दरवर्षी एका पावसाळी रविवारी सगळे जोड काढून घासतो. आणि १९६७ च्या आधीची गाडी असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला, तिला आजचा मोबाइल चार्जर बघितल्याशिवाय जोडायचा नाही.

चालवताना एक लक्षात ठेव, तुझ्या पुढचा माणूस तुझ्यापेक्षा बऱ्याच कमी अंतरात थांबू शकतो. एबीएस नाही, जुन्यांना ब्रेकला सर्वो, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा, पण नाही, पाय जोरात मारावा लागतो. म्हणून अंतर ठेव आणि कुणी मध्ये घुसलं तर घुसू दे, परत अंतर ठेव. १९६७ पर्यंतच्या गाड्यांना पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा, त्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना, नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वरचा जादा गिअर, असलेलीच घे, ७० मैलाला इंजिन ३९०० ऐवजी साधारण ३१०० वर येतं, मोटरवेवर कानांना आणि पेट्रोलला दोन्हीला फरक पडतो. पण मोटरवेसाठी ही गाडी नाहीच. रविवारी सकाळी सात वाजता कॉट्सवोल्डच्या आतल्या रस्त्यांवर जा, टप उघडा, हीटर पायावर, तिसरा गिअर, आणि ४५ च्या स्पीडला जे वाटतं ते आजच्या गाडीत ९० ला पण वाटणार नाही, कारण स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न् खडा हातात येतो. थंडीत टप दुमडू मात्र नकोस, मागची प्लॅस्टिकची खिडकी तडकते.

बाकी भराभर सांगतो. पेट्रोल सुपरच भर, २०२१ पासून साध्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. इंजिनाचं तेल २०डब्ल्यू-५० मिनरल. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला दर ३००० मैलांनी ग्रीसगन. ब्रेकचं ऑइल दर दोन वर्षांनी. टायरची नक्षी छान असली तरी बाजूला छापलेला आठवडा आणि वर्ष बघ, दहा वर्षांच्या वरचे असतील तर किमतीतून वजा करून माग. ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही आणि एमओटी पण माफ आहे, पण तू दरवर्षी करून घे, दुसऱ्याचे डोळे पोटाखालून फिरले पाहिजेत. इन्शुरन्स गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला घे. हिवाळ्यात नुसतं पाच मिनिटं चालू करून बंद करू नकोस, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, मीठ नसलेला कोरडा दिवस बघून वीस मैल फिरवून आण, नाहीतर हात लावू नकोस. गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम तुझ्यापासून जवळच आहे, तिथे फॅक्टरीच्या वह्या आहेत, त्यावरून तुझी गाडी कुठल्या रंगात बाहेर पडली त्याचा दाखला मिळतो. कदाचित ती लाल नव्हतीच.

शनिवारी नऊला माझ्याकडे ये, जुने कपडे घालून. माझी गाडी जॅकवर उचलून ठेवतो, चांगली सिल खालून कशी दिसते ते आधी बघ, मग तुझ्या त्या लालकडे जाऊ. पैसे घेऊन येऊ नकोस. आणि त्या माणसाला आजच फोन करून एवढं सांग की आम्ही येईपर्यंत इंजिन अजिबात चालू करू नका, थंडच राहू द्या, आम्हीच येऊन स्टार्ट करू.

तुझा,
काका