तीन वर्षांवर थांबू की चौथं वर्ष करू?

प्रश्न : मॅडम, मी गुहागर तालुक्यातली. रत्नागिरीतल्या एका स्वायत्त महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करते. सहाव्या सत्राची परीक्षा नुकतीच दिली. नवीन शैक्षणिक धोरणातली आमची पहिलीच बॅच, त्यामुळे पुढच्या वर्गातल्या कुणाला विचारायची सोय नाही. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडावं की चौथं ऑनर्सचं वर्ष करावं, हे ठरत नाहीये. आत्याच्या मिस्टरांच्या ओळखीने लोटे-परशुरामच्या एका कंपनीत क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये ट्रेनी केमिस्टची जागा आहे, ते जूनपासून ये म्हणतात. बाबा वायरिंगची कामं करतात, थोडी हापूसची कलमं आहेत. भाऊ यंदा बारावी झाला, त्याला इंजिनिअरिंगला घालायचंय. आई म्हणते, "तीन वर्षांत पोरगी मोकळी होईल म्हणत होतो, आता हे चौथं कुठून आलं?" या वर्षी मी आमच्या वाडीतल्या विहिरींच्या पाण्यावर प्रकल्प केला. खाडीकडच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. दर महिन्याला बाटल्या भरून आणायचे आणि पाण्यातलं क्लोराइड मोजायचे. सर म्हणाले, चौथ्या वर्षी हेच काम पुढे नेता येईल. पण घरी हे बोलायला जीभ रेटत नाही. काय करू?

– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : तुझं पत्र इथे थोडक्यात छापलंय. मूळ पत्रात नोकरीबद्दल दोन ओळी आहेत आणि विहिरींबद्दल दीड पान. क्लोराइड मोजायला बुरेटच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडताना क्रोमेटचा पिवळा रंग विटकरीकडे झुकतो, त्या थेंबाला हात थांबवायला शिकायला किती दिवस लागले, हे तू लिहिलंयस. मार्चमध्ये एकाच विहिरीचा आकडा एकदम चढला तेव्हा आपलंच काही चुकलं असं वाटून तू पुन्हा बाटली भरून आणलीस, हेही लिहिलंयस. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. सांगितल्याशिवाय दुसरा नमुना आणणारी मुलं फार थोडी असतात. म्हणून माझा कल चौथ्या वर्षाकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. आता हिशेब मांडू.

घरी सगळे 'जास्तीचं वर्ष' म्हणतायत, तिथेच गोंधळ होतोय. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी दोन वर्षांची. चौथं वर्ष केलंस तर एमएस्सी एक वर्षाची, तशी तरतूद आता झाली आहे. दोन्हीकडून बेरीज पाचच. म्हणजे एमएस्सी करायचीच असेल, तर आत्ता थांबून एकही वर्ष वाचत नाही. वर्ष वाचतं ते पदवीवरच थांबणाऱ्याचं. एखादीला बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षा द्यायच्या असतील, तर तिथे तीन वर्षांची पदवी पूर्ण चालते. अशा मुलीला मी डोळे मिटून सांगेन, पदवी घे आणि अभ्यासाला लाग. तुझ्या पत्रात या परीक्षांचं नावही नाही.

आता लोट्याची नोकरी. त्या कामात कमीपणा काहीच नाही. चांगल्या क्यूसी लॅबमध्ये वर्षभरात एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, जो हात बसतो, तो कॉलेजात बसत नाही, कारण कॉलेजात ते यंत्र बहुतेक वेळा लांबून दाखवतात. पण या जागेला साधी बीएस्सी पुरते, आणि रसायन उद्योगाच्या पट्ट्यात अशा जागा निघत राहतात. ही गेली तर दुसरी मिळेल. उलट एकदा शिफ्टमध्ये अडकलं आणि हातात पगार येऊ लागला की दोन वर्षांच्या एमएस्सीसाठी सुट्टं होणं फार अवघड जातं, घरात भावाची फी चालू असेल तर आणखीच. त्याच्या फीसाठी तुझं वर्ष खर्ची पडावं, हे मला मान्य नाही. त्याचं शिक्षण व्हायला हवंच. त्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे, शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्या बघायचं काम तुझं एकटीचं नाही.

चौथ्या वर्षातही दोन वाटा आहेत. एक साधी ऑनर्स, दुसरी संशोधनासह ऑनर्स. दुसरीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तुझे गुण त्याच्या वर आहेत. तिच्यात १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संशोधन प्रकल्प असतो, म्हणजे तुझ्या विहिरींना हक्काचा वेळ मिळेल. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एमएससाठी चार वर्षांची पदवी मागतात. ते तुझ्या मनात नसेल, पण दार उघडं राहतं.

मात्र माझा सल्ला दोन गोष्टींवर अवलंबून आहे. तुमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राला संशोधनासह ऑनर्स खरंच सुरू होतंय का? आणि तुझ्या विषयाची एक वर्षाची एमएस्सी पुढच्या वर्षी कुठे, किती जागांची असेल? पहिलं विभागप्रमुखांना विचार, दुसरं मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्रात. दोन्हीकडे 'बघू, होईल' असंच उत्तर मिळालं, तर चौथ्या वर्षाचा हट्ट धरू नकोस. पदवी घे, दोन वर्षांच्या एमएस्सीचा अर्ज भर, आणि प्रवेश होईपर्यंत लोट्याला जा.

काहीही ठरेपर्यंत कॉलेजातून दाखला मात्र काढू नकोस. आणि कार्यालयात लेखी विचार : चौथ्या वर्षात मध्येच सोडावं लागलं, तर तीन वर्षांच्या पदवीचं प्रमाणपत्र कधी आणि कसं मिळेल? सहा सत्रांचे श्रेयांक तुझ्या अकॅडमिक बँकेच्या (श्रेयांक ऑनलाइन जमा राहतात त्या) खात्यात दिसतायत ना, तेही तपासून घे. एखादं सत्र राहून गेलेलं असतं आणि ते ऐन प्रवेशाच्या वेळी कळतं.

तुझ्या मैत्रिणीने पाच सत्रांत पदवी होते असं ऐकलंय, असंही तू मूळ पत्रात लिहिलंयस. ते खरं आहे. यूजीसीने २०२४ च्या अखेरीस तशी मुभा मंजूर केली, त्या पदवीची किंमतही इतर पदव्यांइतकीच. पण ती निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी करायची असते आणि जागा दहा टक्क्यांपर्यंतच. तुझ्यासाठी तो विषय संपला. पहिल्या वर्षाच्या वाचकांनी मात्र आपल्या महाविद्यालयात चौकशी करावी.

राहिलं घर. आईला 'चौथं वर्ष' असं सांगू नकोस, 'एमएस्सीपर्यंत पाचच वर्षं' असं सांग आणि दोन्ही बेरजा कागदावर मांडून दाखव. खोलीभाडं, मेस आणि फी धरून वर्षाचा आकडाही त्याच कागदावर लिही, नाहीतर बाबा तो मनात दुप्पट धरतील. मग एखाद्या दिवशी कामातून सवड काढून त्यांना तुमच्या सरांकडे घेऊन जा. विहिरींचे महिन्यामहिन्याचे आकडे सोबत ने. वाडीतलं कुठलं पाणी कधी मचूळ होतं हे बाबांना तुझ्याआधीपासून माहीत आहे, त्यामुळे बोलणं तिथूनच सुरू कर.