चौदा लाखांच्या शेळ्या आणि वाढलेले प्लॉट

नऱ्ह्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५६. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, हातात ४१ लाख आले. ते खात्यात जमा होऊन सात आठवडे झाले. गृहकर्जाचे साडेपाच लाख बाकी आहेत, व्याज ९ टक्के. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पत्नी शिक्षिका, पगार ३२ हजार. घरखर्च ४५ हजार. सासवडजवळ भावाची दोन एकर जमीन आहे, तिथे गोठा बांधायचा, ४० उस्मानाबादी शेळ्या आणि २ बोकड घ्यायचे, जुना पिकअप घ्यायचा आणि पुण्यातले झाडोरा माजलेले प्लॉट शेळ्या सोडून साफ करून द्यायचे, असा त्यांचा बेत आहे. एकूण खर्च १४ लाख. दहा गुंठ्यांच्या प्लॉटला ६ हजार भाडं, महिन्याला वीस प्लॉट, म्हणजे १ लाख २० हजार. कल्पना कॅलिफोर्नियाच्या एका व्हिडिओवरून सुचली. "करू का?" एवढाच प्रश्न.

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. निवृत्तीनंतर घरात बसून न राहता काहीतरी उभं करावं ही तुमची ओढ मला मनापासून आवडली. तरीही १४ लाख यात घालू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं "नको" म्हणून तुमचं समाधान होणार नाही.

आधी शेळीच्या पोटाचा हिशेब करू. तीस किलोची शेळी दिवसाला साधारण चार किलो हिरवा पाला खाते. ४२ जनावरांचे झाले १६८ किलो. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. भाद्रपदात कमरेएवढं माजलेलं रान असेल तर चौरस मीटरला दोन किलो हिरवं धरा, म्हणजे दोन टन. त्यातलं निम्मं शेळ्यांनी खाल्लं तरी सहा दिवस लागतात. जाण्यायेण्याचे आणि पावसाने वाया गेलेले दिवस धरले तर महिन्याला चार प्लॉट होतील, वीस नाही. पुण्यात रान माजतं जुलै ते नोव्हेंबर. पाच महिने, चार प्लॉट, सहा हजार: वर्षाचे १ लाख २० हजार. तुम्ही जी रक्कम महिन्याची धरली ती वर्षाची आहे. राखणीला ठेवायच्या माणसाचा पगार तुम्हीच १५ हजार लिहिला आहे, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. भाड्यातून त्याचा पगारसुद्धा निघत नाही. डिझेल, खुराक, औषधं तर पुढेच राहिली. शेळी बारा महिने खाते आणि काम पाच महिने असतं, हे या धंद्याचं मूळ दुखणं आहे.

कॅलिफोर्नियात हे चालतं, कारण तिथली गरजच वेगळी आहे. तिथे उन्हाळा कोरडा जातो, डोंगरउतारावरचं वाळकं झुडूप पेटतं आणि घरं जळतात. २०१९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्याच सिमी व्हॅली गावच्या रेगन ग्रंथालयाने (माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं स्मारक-ग्रंथालय) सुमारे ५०० शेळ्या लावून भोवतालचं तेरा एकर रान खाऊन घेतलं होतं. त्याच ऑक्टोबरात तिथे वणवा आला, तेव्हा त्या मोकळ्या पट्ट्याचा अग्निशमन दलाला उपयोग झाला. पाचशे शेळ्या, तेरा एकर, आणि यंत्र चढणार नाही असा उतार. तुमच्याकडचे नऱ्हे-आंबेगावचे प्लॉट सपाट आहेत. ब्रशकटरवाले दोघं सकाळी येतात आणि संध्याकाळी दहा गुंठे भुईसपाट करून जातात. तुमचा ६ हजारांचा आकडा त्यांच्याच दरावरून आला आहे, असं पत्रात आहे. मग तेवढेच पैसे देऊन मालक सहा दिवस कशाला थांबेल?

आणि आपल्याकडे चाऱ्याला किंमत आहे, हे विसरू नका. पुरंदर, बारामती, इंदापूरकडचे शेतकरी धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांच्या कळपाचा मुक्काम, शेतात बसवून घेतात आणि धान्य किंवा पैसे देतात, पण ते मेंढ्यांच्या लेंडीखतासाठी. जनावरांनी गवत खाल्लं म्हणून पैसे मोजायची सवय इथे कुणाला नाही. उलट गवत कापून नेतो म्हणणारा माणूस फुकटात मिळतो.

मागच्या पावसाळ्यात एका क्लायंटबरोबर मी सिंहगड रस्त्याजवळच्या अशाच एका प्लॉटवर गेलो होतो. त्यांनी ओळखीच्या मेंढपाळाच्या वीस-बावीस शेळ्या दोन दिवस आणल्या होत्या. आत सोडल्यासोडल्या शेळ्या सुबाभळीवर तुटून पडल्या, मागच्या पायांवर उभ्या राहून फांद्या वाकवून खाऊ लागल्या. बोरीची पानं संपवली, वेल ओरबाडले. मग कुंपणापलीकडच्या सोसायटीची जास्वंद दिसली, आणि रखवालदार काठी घेऊन येईपर्यंत तिच्या नुसत्या काड्या उरल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लॉटकडे पाहिलं तर गाजर गवत जसंच्या तसं उभं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. घाणेरीची जाळीही तशीच. मालकाला काढायचं होतं नेमकं तेच.

पुण्याच्या पडीक प्लॉटांवर हीच झाडं जास्त. गाजर गवताला शेळी सहसा तोंड लावत नाही. घाणेरी भुकेपोटी खाल्लीच तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते. नाल्याकाठची बेशरम आणि बंगल्यांच्या कडेची कण्हेर तर सरळ विषारी. त्यात मालकाने आठवड्यापूर्वी तणनाशक मारलेलं असलं आणि सांगितलं नाही, तर काय? कचऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, लग्नातलं फेकलेलं अन्न खाऊन फुगणारी पोटं, राडारोड्यातल्या काचा, रात्रीची मोकाट कुत्री. एका रात्रीत चार शेळ्या गेल्या तर त्या मोसमाच्या भाड्याचा मोठा वाटा गेला. शेळ्यांचा विमा जरूर घ्या, पण कानातला विम्याचा बिल्ला हरवला की दावा अडतो, हेही लक्षात असू द्या.

टेकड्यांवर काम मिळेल ही आशा सोडा. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी वनखात्याची जमीन आहे, तिथे परवानगीशिवाय चराई हा गुन्हा आहे.

"पिल्लांचं उत्पन्न वेगळं येईलच" असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. माझ्या मते खरा धंदा तोच आहे. उस्मानाबादी शेळी जुळी देते, पाच महिन्यांत विते, बाजार कायम असतो. पण गाभण शेळीला पिकअपमध्ये चढवून दर आठवड्याला नव्या जागी हलवलं तर ती गाभडते. भाड्याच्या कामाला खच्ची बोकड बरे, पिल्लांसाठी माद्या लागतात. एका कळपात दोन्ही साधायला गेलात तर दोन्ही बिघडेल. शेळीपालनच करायचं तर ते सासवडला, चाऱ्याचं पीक घेऊन, एका जागी करा, आणि सुरुवात दहा माद्यांनी करा. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं ५० टक्के अनुदान १०० माद्या आणि ५ नरांच्या गटापासून सुरू होतं. ते मिळावं म्हणून आकडा फुगवू नका, अनुभव नसताना शंभर शेळ्या सांभाळणं फार जड जातं. भावाच्या सातबाऱ्यावर गोठा असला म्हणून हे उत्पन्न शेतीचं ठरत नाही, त्यावर आयकर लागतो, हेही धरून चला.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. तुमच्या पत्रात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा उल्लेखच नाही. साठ वर्षं पूर्ण नसली तरी ५५ नंतर निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे तिच्यात ठेवता येतात, पण पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचे सात आठवडे गेले. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम राहतो. शेळ्यांसाठी काढलेले १४ लाख तिथे ठेवले तरी वर्षाला १ लाख १४ हजार ८०० रुपये येतात, रात्री राखणीला न जाता.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. गृहकर्ज आजच फेडायचं, साडेपाच लाख. चार लाख अडीनडीला बचत खात्यात आणि लिक्विड फंडात, म्हणजे पैसे लवकर काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात. मुलीच्या उरलेल्या दोन वर्षांचे पाच लाख मुदत ठेवीत. चोवीस लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, ज्याचे दर तिमाहीला ४९ हजार २०० मिळतील, म्हणजे महिन्याला १६ हजार ४००. पत्नीचा पगार आणि घरखर्च यांतली १३ हजारांची फट त्यात भरून निघते. उरलेल्या अडीच लाखांतून सगळ्यात आधी कुटुंबाचा आरोग्यविमा घ्या. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर संपली, आणि छप्पन्नाव्या वर्षी जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागतो, म्हणजे तेवढे दिवस त्यांचा खर्च मिळत नाही, म्हणून एक दिवसही लांबवू नका.

आणि शेळ्यांसाठी साठ हजार बाजूला काढा. ते गेले तरी चालतील असे समजून काढा. एकही शेळी विकत घेऊ नका. सासवडकडे भावाच्या ओळखीचा एखादा मेंढपाळ शोधा, त्याचा कळप आणि तो स्वतः, दोघांना रोजाने ठरवा. तो त्याची वाघर, म्हणजे कळप कोंडायची जाळी, घेऊन येईल, कोणता पाला चालतो कोणता नाही हे त्याला तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. शहरातले दहा गुंठे सोडून पानशेत, मुळशीकडचे उतारावरचे फार्महाऊस प्लॉट बघा, दोन-चार एकरांचे, कुंपण असलेले, जिथे ब्रशकटरवाला जायला कुरकुरतो आणि कळप एकदा गेला की महिनाभर हलवावा लागत नाही. पावसाची मोठी झड ओसरल्यावर, श्रावणाच्या शेवटी सुरू करा. जाण्याआधी मालकाकडून तणनाशक मारलं नसल्याचं लिहून घ्या आणि प्लॉट स्वतः पायाखाली घाला.

एक वही ठेवा. किती शेळ्या, किती दिवस, किती गुंठे, मेंढपाळाला काय दिलं, मालकाने काय दिलं, आणि त्याने पुढच्या वर्षी बोलावलं का. दिवाळीनंतर ती वही घेऊन माझ्याकडे या. त्यातले आकडे बरे निघाले तर दहा माद्यांच्या गोठ्याचा हिशेब आपण दोघं बसून मांडू. पण पोस्टात किंवा बँकेत खातं उघडायला याच आठवड्यात जा, निवृत्तीचे पैसे मिळाल्याचं कंपनीचं पत्र बरोबर न्या.