प्रोग्रॅम क्रॅश होण्याआधी सीच्या प्रिंटएफनं छापलेलं लिनक्सवर दिसत का नाही? जुन्या टर्बो सी कंपायलरमध्ये तर दिसायचं.

तुमची ओळ चाललेली असते. "प्रिंटएफ दिसलं नाही, म्हणजे कंट्रोल तिथपर्यंत गेलाच नाही" असं कुणी सांगत असेल तर साफ चूक आहे. शेवटी बॅकस्लॅश एन (नवी ओळ) नसेल तर लिनक्सवर अक्षरं बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातच, थांबतात, आणि सेगमेंटेशन फॉल्टने, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याने, प्रोसेस मेली की तो बफर रिकामा करायला कुणी उरत नाही.

परभणीला कॉलेजात असताना याच वाक्यापायी माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीचं जर्नल परत आलं. लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम. चूक डिलीटच्या फंक्शनमध्ये होती, पण मेनमधली पहिली ओळही स्क्रीनवर नाही म्हणून सर म्हणाले, "तुझं मेनच सुरू होईना, सगळं नव्यानं लिही." जिंतूरकडच्या खेड्यातून एसटीनं येणारी ती, अगदी रडकुंडीला आली. मी तीच ओळ एसटीडीईआरआरवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर, छापून दाखवली, लगेच उमटली. सरांचं एकच पालुपद, "टर्बो सीत असं होत नाही."

होत नाही, पण फक्त स्क्रीनवर! बोरलँडच्या टर्बो सीत एसटीडीआउट, म्हणजे प्रिंटएफ जिथे छापतं ते नेहमीचं आउटपुट, स्क्रीनला जोडलेलं असलं की त्याला बफरच नसतो. फाइलकडे वळवलं की पूर्ण बफर, म्हणजे तो भरेपर्यंत काही बाहेर पडत नाही. मग मी त्यांच्याच टर्बो सीत दोन ओळी लिहिल्या, एक प्रिंटएफ आणि खाली अंडरस्कोर एक्झिट, जे बफर रिकामा न करताच प्रोग्रॅम संपवतं. नुसतं चालवलं तर मजकूर दिसला. फाइलमध्ये वळवून चालवलं आणि डीआयआर मारून आकार पाहिला, तर फाइल 0 बाइटची. सर म्हणाले, "प्रॅक्टिकलचा वेळ संपला." तिला जर्नल पुन्हा लिहावंच लागलं. मला ते अजून सलतं.

एसटीडीईआरआरला पूर्ण बफर नसावा हे 1989च्या आन्सी सी मानकातच आहे. शिकवणाऱ्याला एवढं ठाऊक असायलाच हवं.

तुम्ही डीबगच्या ओळी एसटीडीईआरआरवरच छापा, नाहीतर प्रिंटएफनंतर एफफ्लश करा, म्हणजे बफर लगेच रिकामा होतो. नुसत्या बॅकस्लॅश एनवर विसंबू नका, आउटपुट पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेलं की तोही पुरत नाही. हां, लाखो ओळी छापणाऱ्या लूपमध्ये दर ओळीला एफफ्लश घालू नका, प्रोग्रॅम रखडतो. आणि तुमचेही सर ऐकत नसतील तर ती 0 बाइटची फाइल सगळ्या बॅचसमोर दाखवा, जर्नलवर लाल रेघ पडायच्या आधी.