मेलबर्नला केअर वर्कर म्हणून यायचंय? आधी हात आवरायला शिक

तू विचारलंस ते असं: राहायला सातपूरला, रुग्णसहायकाचा कोर्स झालाय, तीन वर्षं ब्युरोमार्फत गंगापूर रोडच्या एका आजींकडे बारा तासांची ड्युटी करतेस. एजंट म्हणतो, ऑस्ट्रेलियात हेच काम, फक्त पैसे जास्त. मी नाशिकरोडची. आठ वर्षं मेलबर्नमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन काम करतेय. पैसे जास्त हे खरं. हेच काम, हे मात्र खरं नाही.

तुझ्या आजींपाशी तू दिवसभर असतेस. इथे एका घरी तास-दीड तास. सकाळी एका आजोबांची अंघोळ, मग कुणाला डॉक्टरकडे ने-आण, दुपारी गाडीत बसून डबा, संध्याकाळी पुन्हा दोन घरं. मधल्या रिकाम्या वेळेचा पगार नाही. कॅज्युअल, म्हणजे पक्की नोकरी नसलेली, लागेल तेव्हा बोलावतात अशी असलीस तर एकदा बोलावल्यावर किमान २ तासांचे पैसे द्यावेच लागतात, हे पाठ करून ये. मला एका कंपनीने कितीतरी महिने तासाभराचेच दिले आणि मी गप्प बसले, कारण नियमच ठाऊक नव्हता. चारचाकी स्वतःची लागते. किलोमीटरचा भत्ता मिळतो, पण ॲक्टिव्हावर भागणार नाही. ड्रायव्हिंग तिथेच शिकून घे.

गोळ्या फार्मसीतून दिवस-वेळ लावून पॅक होऊन येतात. आपण आठवण करायची, नोंद करायची. इन्सुलिनला नर्स येते. उचलायचं असेल तर हॉइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, आणि बहुतेक ठिकाणी दोन माणसं. तुझ्यासारखं एकटीने काखेत हात घालून उचललंस तर कंपनीच ओरडेल. माझी कंबर विचार, ती सांगेल का ते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच महिन्यात पार्किन्सनचे एक आजोबा होते. शर्टाची बटणं लावायला त्यांना पंधरा मिनिटं लागायची. मला बघवेना, मी भराभर लावून टाकली. ते काही बोलले नाहीत. सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून स्वतः लावायला बसले. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे कुणाला कशात किती मदत करायची त्या कागदात, स्पष्ट लिहिलं होतं: बटणं स्वतः लावतात, जवळ थांबा. मी वाचलंच नव्हतं. इथे आपल्याला ठेवतात ते माणसाने आपल्या घरात, आपल्या हाताने जगावं म्हणून. आपण असताना काकांनी कशाला हात लावायचा, ही आपल्याकडची माया इथे चूक ठरते. मला ती सोडायला वर्ष लागलं, अजून पूर्ण सुटली नाही.

गंमत म्हणजे नाशिकरोडला माझ्या आईकडे मावशी येतात. व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, मटार आईलाच सोलू द्या ना. त्या म्हणाल्या, "ताई, मग शेजारीपाजारी म्हणतील, ही बसून पगार खाते." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. सर्टिफिकेट थ्री इन इंडिव्हिज्युअल सपोर्ट हा इथला केअरचा कोर्स, फर्स्ट एड, पोलीस चेक हे बहुतेक कंपन्या मागतात. एक वाट स्टुडंट व्हिसाची: त्यावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, त्यामुळे पगारातून फी भागेल हा एजंटचा हिशेब कागदावरच राहतो. व्हिसाचा अर्जच २००० डॉलरचा, नाकारला तर बुडाले. दुसरी वाट आहे: मे २०२३पासून एज्ड केअरच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या, लेबर ॲग्रीमेंट या सरकारशी केलेल्या कराराखाली कंपनी थेट स्पॉन्सर करू शकते, आणि दोन वर्षं काम केल्यावर पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, दारं उघडतात. तुझा तीन वर्षांचा अनुभव तिथे कामाला येईल, म्हणून ब्युरोकडून तारखांसकट लेखी दाखला आत्ताच घे. त्यांचे रोखीचे व्यवहार असतात, नंतर कुणी ओळख देत नाही.

२०२५च्या नोव्हेंबरपासून सपोर्ट ॲट होम ही म्हाताऱ्या माणसांना घरी मदत देण्याची नवी सरकारी योजना लागू झालीय, तेव्हा युट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून तयारी करू नकोस.

आणि एजंटला मारा नंबर विचार. मारा म्हणजे मायग्रेशन एजंटांची इथली नोंदणी. यादी सरकारी वेबसाइटवर फुकट दिसते. व्हिसाचा सल्ला देतोय पण नंबर सांगायला टाळतोय, तर एक पैसाही देऊ नकोस.