सत्तरीनंतर आहार सुधारल्याने मृत्यूचा धोका खरोखर कमी होतो का?

होय, सत्तरीनंतरही चांगल्या आहाराचा मृत्यूच्या कमी धोक्याशी संबंध दिसतो. मात्र तो एखाद्या ‘गुणकारी’ पदार्थाशी नसून रोजच्या एकूण खाण्याशी आहे. युरोपातील ७० ते ९० वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांच्या ‘हेल’ अभ्यासात (२००४) ज्यांच्या जेवणात भाज्या, फळे, कडधान्ये, धान्ये व मासे अधिक आणि मांस बेताचे होते, म्हणजे ज्यांचा आहार भूमध्यसागरी पद्धतीचा होता, त्यांच्यात १० वर्षांतील मृत्यूचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळला. धूम्रपान, व्यायाम वगैरे फरक हिशेबात धरूनही हा आकडा टिकला, पण तो निरीक्षणातून आलेला आहे. आणि नीट खाणारी माणसे बहुधा इतर बाबतींतही जपून राहतात. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ या प्रत्यक्ष चाचणीत अशा आहाराने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण घटले, तरी एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. वजन आपोआप उतरत असेल, तर मात्र पथ्याच्या नावाखाली जेवण तोडू नये. त्या वयात कुपोषण अधिक घातक ठरू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.