लंबकाने g काढताना

g चं (गुरुत्व त्वरणाचं) उत्तर 9.8 m/s² ऐवजी 10.8 च्या आसपास येत असेल, तर आधी मोजणी तपास. घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हटलंस की वीसऐवजी एकोणीसच दोलनं होतात. ‘शून्य’ म्हणूनच सुरू कर, तेही गोळा मधल्या स्थितीतून जाताना. तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो. टोकाला तो रेंगाळतो.

1 मीटर लांबीला 20 दोलनांना साधारण 40 सेकंद लागतात. त्यात 0.2 सेकंदाची चूक म्हणजे 0.5 टक्का, पण g च्या सूत्रात T चा, म्हणजे दोलनकाळाचा (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा), वर्ग होत असल्याने g मध्ये 1 टक्का. म्हणून घाई नको.

दोरा बुचाच्या दोन फाकांमध्ये घट्ट धर. नुसता खिळ्याला गुंडाळलास तर झुलताना लांबी बदलते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत घे. कोन 10 अंशांच्या आत ठेव; 30 अंशांना दोलनकाळ जवळपास 1.7 टक्के वाढतो.

हवेमुळे झोका लहान होत जातो, त्याची काळजी नको. एवढ्या कमी अवमंदनाने (झोका असा हळूहळू लहान होण्याने) दोलनकाळ जवळजवळ बदलत नाही. स्टँड डुगडुगत असेल तर मात्र आधी तोच घट्ट कर.