डोकं चालेनासं होतं तेव्हा मेंदूत नेमकं काय साचतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. दिवसभर नुसतं बसून काम असताना संध्याकाळी डोकं ठप्प का होतं, मेंदूत 'विषारी द्रव्यं' साचतात हे खरं का, आणि ती कॉफीनं किंवा डिटॉक्सच्या पेयानं निघतात का. शिवाय जाता जाता लिहिलंय की आठ तास झोपूनही सकाळी डोकं जडच असतं. त्यावर शेवटी येतो.

साचतं, हे खरं. विष मात्र म्हणू नका. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो तेव्हा सुरुवातीची काही वर्षं वर्गात 'मेंदूतला कचरा' असंच बिनदिक्कत म्हणायचो. मग एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कचराच असेल तर तो ओळखायला पेशींवर खास ग्राही कशाला ठेवलेत?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पुढे तो शब्द मी सोडला.

प्रश्न अ‍ॅडेनोसिनबद्दल होता. पेशी ऊर्जा वापरतात ती एटीपीच्या रूपात. या रेणूत एका अ‍ॅडेनोसिनला तीन फॉस्फेट जोडलेले असतात. ऊर्जा खर्च होत जाते तसे फॉस्फेट सुटत जातात आणि शेवटी नुसतं अ‍ॅडेनोसिन उरतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळच्या एकूण ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा एकटा खातो. म्हणजे हे उरणं सतत चालू. मी त्याला खर्चाची पावती म्हणतो. जागेपणी पावत्यांचा गठ्ठा वाढत जातो, चेतापेशींवरचे ग्राही तो मोजतात आणि जागं ठेवणाऱ्या भागांचा आवाज हळूहळू खाली आणतात. १९९७ साली मांजरांवरच्या एका प्रयोगात हे थेट मोजलं गेलं: जागरण लांबवलं की मेंदूच्या तळाशी पुढच्या भागात अ‍ॅडेनोसिन चढत गेलं आणि नंतरच्या झोपेत उतरलं.

कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी. जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी यांनी १९०९ मध्ये आणि फ्रान्समध्ये ऑन्री प्येराँ यांनी १९१३ च्या सुमारास जागवलेल्या कुत्र्यांच्या मेंदूतला द्रव ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला, आणि ते झोपी गेले. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, पण 'थकव्याचं काहीतरी द्रवात असतं' हा धागा तिथून निघाला. प्येराँ त्याला झोपेचं विषच समजत होते, म्हणजे तुम्ही वाचलेली 'विषा'ची भाषा निदान शंभर वर्षं जुनी आहे.

आता कॉफी. कॅफीन काहीही धुऊन काढत नाही. ते अ‍ॅडेनोसिनच्या ग्राहींवर स्वतः जाऊन बसतं, त्यामुळे पावत्या मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी येते. गठ्ठा वाढतच असतो. कॅफीन उतरलं की सगळी थकबाकी एकदम समोर येते, आणि तुम्ही म्हणता कॉफीनं उलट जास्त गळून गेल्यासारखं झालं. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक बरंच कमीजास्त. पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं दहाला अजून अंगात असतं.

पण अ‍ॅडेनोसिननं तुमचं कोडं पुरतं सुटत नाही. ते मुख्यतः जागेपणाचा हिशेब ठेवतं, आणि तुमची तक्रार झोप येण्याची नाही, विचार न सुचण्याची आहे. इथे 'मेंदूची साखर संपते' असं हमखास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. अवघड विचार करताना मेंदूचा एकूण ऊर्जाखर्च ५ टक्केसुद्धा वाढत नाही. काही बिघडत असेल तर ते ठरावीक जागी बिघडत असणार.

याबाबतीत २०२२ मध्ये पॅरिसहून आलेला अभ्यास मला सगळ्यात रंजक वाटतो. ४० जणांना दिवसभरात सुमारे सहा तास स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची कामं दिली, काहींना सोपी, काहींना अवघड. अधूनमधून एमआरआयच्या खास तंत्रानं मेंदूतली रसायनं मोजली. अवघड काम करणाऱ्यांच्या कपाळामागच्या बाजूच्या भागात, म्हणजे मन आवरून निर्णय घेणाऱ्या भागात, ग्लुटामेट वाढलेलं दिसलं. पाहण्याचं काम करणाऱ्या मागच्या भागात तसं झालं नाही. आणि हेच लोक दिवस संपताना 'थांबून जास्त पैसे' ऐवजी 'लगेच थोडे पैसे' निवडू लागले. संध्याकाळी ईमेलला घाईघाईत 'ठीक आहे' लिहून मोकळं होणं आठवतंय ना?

ग्लुटामेट हाही कचरा नव्हे, मेंदूतला तो सर्वात जास्त वापरला जाणारा उत्तेजक संदेशवाहक आहे. काम झालं की शेजारच्या ताऱ्याच्या आकाराच्या सहायक पेशी तो उचलतात, त्याचं ग्लुटामिन करतात आणि चेतापेशींना परत देतात. पेशींच्या बाहेर तो रेंगाळला तर मात्र अतिउत्तेजनाचा धोका. संशोधकांचा अंदाज असा की तो वाढू लागला की त्या भागाला आणखी राबवणं महाग पडतं, म्हणून मेंदू सोप्या पर्यायाकडे वळतो. अंदाजच म्हणतोय, कारण दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध होत नाही.

थकव्याचं कारण म्हणून लॅक्टेटचं, म्हणजे साखर मोडताना तयार होणाऱ्या रसायनाचं, नावही उगाच घेतलं जातं. मेंदूत तेच सहायक पेशींकडून चेतापेशींना इंधन म्हणूनही मिळतं. खरंखुरं विषारी म्हणावं असं अमोनिया, पण निरोगी यकृत ते हटवत राहतं. यकृत निकामी झालं की गुंगी, गोंधळ दिसतो तो मुख्यतः त्यामुळे, आणि तो आजार आहे, ऑफिसचा शीण नव्हे.

झोपेत मेंदू 'धुतला जातो' हे तुम्ही वाचलं असेलच. २०१३ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ माइकेन नेडरगार्ड यांच्या गटानं उंदरांमध्ये दाखवलं की झोपेत मेंदूतल्या पेशींच्या मधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि द्रव जोरात खेळतो. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाला उंदरांमध्येच उलटं दिसलं, झोपेत सफाई मंदावलेली. वाद चालू आहे, त्यामुळे असं 'धुणं' दाखवणारे अ‍ॅनिमेशन व्हिडिओ थोड्या सावधपणे बघा. झोपेनं अ‍ॅडेनोसिन उतरतं यावर मात्र असा वाद नाही.

डिटॉक्सच्या पेयाबद्दल एवढंच: वर सांगितलेली सगळी उचलाउचल पेशी स्वतः करतात, पोटात घेतलेल्या पेयाला तिथे काही काम नाही. पाणी म्हणून प्या हवं तर. उपयोग होतो तो अवघड निर्णय सकाळी उरकण्याचा, आणि मधल्या सुट्टीत खरंच काही न करण्याचा. फोन चाळणं ही त्या भागासाठी सुट्टी नाही. दुपारी वीस मिनिटं डोळा लागला तर उत्तमच.

आता सकाळच्या जडपणाबद्दल. दिवसभराचा साठा आठ तासांच्या चांगल्या झोपेत बऱ्यापैकी उतरायला हवा. तो उतरत नसेल तर संशय झोपेच्या दर्जावर येतो. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडखळतो का, हे घरच्यांना विचारा. हो म्हणाले तर झोपेची तपासणी करून घ्या. नाही म्हणाले तरी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि साखर एकदा बघा. मन उदास राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रिपोर्ट आले की इथेच लिहा, पण औषध मला विचारून घेऊ नका.